न वाजलेला थर

अण्णा ड्यूटीवरून घरी आले की चपला काढायच्या आधी दाराजवळच्या खांबाला हात लावत. नमस्कार नव्हे, नुसता तळहात टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग आत यायचं. मद्रासमध्ये वेस्ट मांबलमला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. तो फ्लॅट घेताना अण्णांनी हवा, पाणी, शेजार यातलं काही विचारलं नव्हतं, फक्त खांबांत सळई किती जाडीची घातली आहे एवढंच विचारलं होतं, असं आई सांगायची. अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेत सिग्नल खात्यात होते. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे मी गॅलरीतून हाक मारली की खालचा इस्त्रीवाला दर वेळी हसायचा. मांबलम स्टेशन जवळ होतं. पहाटेपासून गाड्यांची खडखड, दुधाच्या पाकिटांचे क्रेट आपटल्याचा आवाज, समोरच्या मामींच्या उंबऱ्यापुढे सडा पडल्याचा सपकारा, आणि या सगळ्याच्या वर आमच्या स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याची थपथप. ज्वारीचं पीठ मिळवायला आईला फार यातायात पडे. गिरणीवाला म्हणायचा, ज्वारी कोंबड्यांना घालतात, तुम्ही माणसं कशी खाता? आई तमिळमध्ये त्याला काय उत्तर देत होती ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिण्यासारखं नाही. थंडीत, म्हणजे मद्रासला ज्याला थंडी म्हणतात त्या दिवसांत, गावाकडची येसराची आमटी व्हायची आणि अण्णा त्या दिवशी दोन शब्द जास्त बोलायचे.

एरवी ते बोलत नसत. त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विषय काढत नव्हतं. आमचं गाव लातूरकडचं. भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. गावात आमच्या घराला दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, लाकडी तुळयांवर घातलेला मातीचा जाड थर. त्याखाली माझे थोरले काका आणि काकू गेले. अण्णा तार मिळाल्याबरोबर निघाले, आणि तेरा-चौदा दिवसांनी परतले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या होत्या. आईनं त्या सोडल्या तेव्हा मी पाहिलं, चार बोटांची नखं नव्हती. त्यानंतर ते खांबाला हात लावायला लागले. आज मी पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि माझ्याही हाताला माती कायमची बसली आहे, पण अण्णांची ती बोटं आठवली की अजून हातातलं काम थांबतं.

अशा माणसाची मुलगी मातीची घरं बांधायला शिकायला गेली. याचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. तेवीस वर्षांच्या वयात आपण आईबापांच्या दुःखाला वळसा घालून जाऊ शकतो असं वाटतं. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून मैलापूरला एका ड्रॉइंग ऑफिसात लागले होते. दिवसभर संडासांचे आणि जिन्यांचे नकाशे काढायचे. एका संध्याकाळी जवळच्या हॉलमध्ये मातीच्या बांधकामावर भाषण होतं, तिथे मी निव्वळ पंख्याखाली बसायला मिळेल म्हणून गेले. बोलणारे गृहस्थ साठीचे, कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर गंधाची बारीक रेघ. इंग्रजीत बोलता बोलता त्यांनी बाजूच्या माणसाला "पाणी दे कीं" म्हटलं आणि मी दचकले. ते गोविंद राव. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. भाषणानंतर मी मराठीत बोलले तर त्यांचा चेहरा उजळला.

"तूं महाराष्ट्रांतली? मग तुला धुमस माहीत असेल."

मी म्हटलं, जमीन चोपायचा ठोकळा.

"तोच. तमिळांत तिमिसु मणतात. दोनीं एकच." त्यांनी हवेत दोन्ही हातांनी धुमस उचलून आपटून दाखवली. "ये शनिवारीं. कागदावर भिंत शिकतां येत नाहीं."

श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे एका गावाच्या कडेला त्यांचं काम चालू होतं. एका संस्थेच्या मदतीनं गावातल्या लहान मुलांसाठी बालवाडी बांधायची, तीही धुमसलेल्या मातीची, आणि बांधता बांधता शहरातल्या लोकांना शिकवायचं. शनिवार-रविवार कार्यशाळा. सकाळी कंपन्यांच्या पाळीच्या बसगाड्या धूळ उडवत जायच्या आणि त्यांच्या मागून आमची व्हॅन. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. माती चाळायला बसवलं. दुपारी प्रत्येकाला ओली माती मुठीत आवळून तिचा गोळा करायला लावला आणि खांद्याच्या उंचीवरून टाकायला सांगितलं. गोळ्याचा भुगा झाला तर माती कोरडी, तसाच राहिला तर जास्त ओली, चार-पाच ढेकळं झाली तर बरोबर. मग दोन फळ्यांच्या साच्यात वीतभर माती पसरायची आणि धुमसायची. सुरुवातीला आवाज बद्द येतो, उशीवर बुक्की मारल्यासारखा. धुमसत राहायचं. वीतभराचा थर चार-पाच बोटांवर येतो, आणि मग एका क्षणी आवाज बदलतो, दगडावर आपटल्यासारखा खणखणतो, हाताला झिणझिण्या येतात. गोविंद राव त्याला "थर वाजला" म्हणायचे. थर वाजल्याशिवाय वरची माती टाकायची नाही, हा त्यांचा एकमेव कडक नियम.

मी सहा महिने गेले. चौथ्या महिन्यात नोकरी सोडली आणि आठवडाभर तिथेच राबायला लागले. अण्णांना मी दोन वाक्यांत सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, हात धुतले आणि आत जाऊन निजले. संध्याकाळचे सात वाजले होते. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. मात्र आई रोज पहाटे उठून मला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, आणि डबा जरा जड असायचा, कारण तो दोघींचा असायचा.

दुसरी म्हणजे सेल्वी. गावातली, तिशीची, नवरा सोडून गेलेला, घरात आई आणि पाचवीतली मुलगी. संस्थेनं तिला मजुरीवर ठेवली होती. माती चाळायची, भिजवायची, घमेल्यानं साच्यात टाकायची. आम्ही शिकणारे लोक महिन्या-दोन महिन्यांनी बदलायचे, सेल्वी पहिल्या दिवसापासून तिथे होती. ती मला 'पाप्पा' म्हणायची, म्हणजे लहान मुलगी. तिच्या डब्यात बाजरीची आंबील, सोबत छोटे कांदे आणि ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या. माझे धपाटे ती खायची, तिची आंबील मी प्यायचे. धपाटा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मीठ कमी घालते." मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मीठ जास्त होतं. अशा रीतीनं त्या दोघी कधी न भेटता सहा महिने एकमेकींशी बोलत होत्या. मी मात्र तिला कधी अक्का म्हटलं नाही. सगळे सेल्वी म्हणत, मीही म्हणायचे.

त्या रविवारी गोविंद रावांनी मला पहिल्यांदा एक पूर्ण कोपरा सोपवला. ते पलीकडच्या भिंतीवर खिडकीच्या चौकटीपाशी अडकले होते. माझ्या हाताखाली शहरातली बारा माणसं, दोन आर्किटेक्ट, एक बँकेतले साहेब, कॉलेजची मुलं. गुडघ्याच्या उंचीवरचा थर चालू होता. दुपारची वेळ, भिजवलेली माती उन्हात उघडी राहून सुकली होती. गोळा टाकून बघायला हवा होता. मी बघितला नाही. लोक थकले होते, धुमस वरवर पडत होती. मी कान देऊन ऐकलं. आवाज बद्दच होता. आणखी पाच मिनिटं धुमसलं, तरी बद्दच. तो थर उकरून काढून, पुन्हा भिजवून, पुन्हा भरायला दीड तास गेला असता, आणि व्हॅन पाचला निघायची होती. साच्यापाशी सेल्वी घमेलं धरून उभी होती. तिनं माती टाकली नाही.

"पाप्पा, सत्तम वरलै," ती हळूच म्हणाली. आवाज आला नाही.

दोघांतल्या एका आर्किटेक्टनं माझ्याकडे बघितलं. तो मघापासून माझं कौतुक करत होता. मी सेल्वीला जरा चढ्या आवाजात म्हटलं, "सगळं बरोबर आहे. तू माती टाक."

तिनं एकदा साच्यात डोकावून बघितलं आणि माती टाकली. संध्याकाळी गोविंद रावांनी व्हॅनपाशी विचारलं, "कोपऱ्याचे थर सगळे वाजले कीं?" मी म्हटलं, हो, वाजले.

पुढच्या आठवड्यात त्या थरावर माणसापेक्षा उंच भिंत चढली. ती सगळी चांगली झाली होती. त्यानंतरच्या रविवारी साचा उघडायचा कार्यक्रम होता. संस्थेचे लोक आले, गावातले लोक आले. आणि आईनं काय सांगितलं, कसं सांगितलं कोण जाणे, अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. ते भिंतीपासून लांब, रस्त्याच्या कडेला चिंचेखाली उभे राहिले. मी हात केला. त्यांनी पिशवी जरा वर उचलून दाखवली, एवढंच.

बोल्ट सोडले, फळ्या निघाल्या. लाल, पिवळसर, पुन्हा लाल असे मातीचे पट्टे उन्हात दिसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वतः वाजवल्या. सेल्वी भिंतीच्या पायाशी बसून खाली पडलेले बोल्ट आणि वायसर घमेल्यात गोळा करत होती. ते तिचंच काम होतं. तिथे बसू नकोस असं तिला कुणीही सांगितलं नव्हतं. शेवटची फळी अडकली होती, एकानं तिला हातोडीचे दोन ठोके घातले. कोपरा गुडघ्याच्या उंचीवर सरकला. कोसळला असंही म्हणता येणार नाही. वरचा सगळा भाग एका तुकड्यात पुढे झुकला, आणि पोतं टाकल्यासारखा आवाज झाला.

मी उभीच राहिले. सगळेच उभे राहिले. कुणीतरी फावडं घेऊन धावलं, आणि मग मला मराठीत ओरडणं ऐकू आलं, "फावडं नको! हातानं! हातानं काढा!" अण्णा गुडघ्यांवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पँट, काही न बघता त्यांनी ढेकळं उचलून मागे फेकायला सुरुवात केली होती. मराठी तिथे गोविंद रावांखेरीज कुणाला कळत नव्हतं, तरी सगळे त्यांचं ऐकत होते. "तोंड आधी. तोंड मोकळं करा. वर कुणी उभं राहू नका." त्यांनी मधे एकदा मान वर केली आणि मला म्हणाले, "रेखा, इकडं ये. डोकं धर तिचं." दोन महिन्यांनंतर ते माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी डोकं धरलं. केसांत माती होती, डोळे उघडे होते, ती श्वास घेत होती. तिनं मला ओळखलं की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

सरकारी इस्पितळात दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. छाती चेपली होती. व्हरांड्यात तिची आई अंजलै भिंतीला टेकून बसली होती आणि मुलगी मल्लिका शाळेच्या गणवेशात तिच्या मांडीवर झोपली होती.

संस्थेनं कागद तयार केला. मनाई असलेल्या जागेत कामगार स्त्री जाऊन बसल्यामुळे अपघात घडला, असं त्यात लिहिलं होतं. गोविंद रावांनी पोलिसांना सांगितलं, काम माझ्या देखरेखीखाली होतं, चूक माझी. तरी गावात पोचला तो कागदच. सेल्वी बावळट होती, भिंत उघडताना खाली जाऊन बसली, असं लोक बोलायला लागले. बालवाडीचं काम थांबलं. गोविंद रावांनी धुमस पुन्हा हातात धरली नाही. मी घरात पडून राहिले. आई ताट वाढायची आणि तसंच उचलायची. अण्णांनी "मी सांगत होतो" हे शब्द उच्चारले नाहीत. मी वाट बघत होते, त्यांनी म्हणावं म्हणून. त्यांनी म्हटलं असतं तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं.

तीन आठवड्यांनी मी मैलापूरला गोविंद रावांच्या घरी गेले आणि खरं काय ते सांगितलं. थर वाजला नव्हता, मला कळलं होतं, सेल्वीनं सांगितलं होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. ते झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा त्यांनी पायानं थांबवला. त्यांच्या बायकोनं माझ्यापुढे कॉफीचा टंबलर ठेवला, कॉफी तशीच गार झाली.

"मला कां सांगतीस?" ते शेवटी म्हणाले. "मी ऐकून काय करूं? तिच्या आईला सांग."

घरी येऊन मी हे आईला सांगत होते. अण्णा दारात कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. ते आत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. अण्णा जमिनीवर कधी बसत नसत, त्यांचे गुडघे दुखायचे.

"दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा भिंतीला भेग बघितली होती मी," ते म्हणाले. "तुळईखाली. बोट जाईल एवढी. दादाला म्हटलं, पुढच्या साली बघू." गुडघा चोळत म्हणाले, "सांगायला कुणी उरलं नाही मला. तुझ्या तिथं आहे कुणीतरी. उद्या जाऊ. मी येतो."

भूकंपात भेग नसती तरी ती भिंत उभी राहिली असती का, हे आता शिकल्यासवरल्यावर मला सांगता येईल. बहुधा नसती राहिली. अण्णा जिवंत असताना मी हे त्यांना दोनदा सांगून बघितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. अंजलै दारात बसून शेंगा निवडत होती. अण्णा बाहेर उभे राहिले. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. तमिळ मला लहानपणापासून येत होतं, पण त्या दिवशी शब्द एकेक करून शोधावे लागले. तिनं हात थांबवला नाही. मी "तुमच्या मुलीला कळलं होतं, ती म्हणाली होती, मी तिला गप्प केलं," इथपर्यंत आले तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"तिला कळलं होतं?"

"हो."

"आणि तिनं तुला सांगितलं?"

"हो. सगळ्यांच्या देखत."

मला वाटलं ती मला मारेल. मी त्यासाठी तयार होते, किंबहुना मला ते हवं होतं. ती उठली, पदर खोचला, माझा दंड धरला आणि मला शेजारच्या घरासमोर नेऊन उभं केलं. आतून एक बाई डोकावली. अंजलै मला म्हणाली, "सोल्लु." सांग.

मी सांगितलं. मग पुढचं घर. त्या गल्लीत अकरा घरं होती. प्रत्येक दारात तिनं माणसांना बाहेर बोलावलं आणि मला तेच पुन्हा सांगायला लावलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. चौथ्या घरी माझा आवाज बसला तर ती म्हणाली, "मोठ्यानं. यांची आजी बहिरी आहे." सहाव्या घरी एक म्हातारा खेकसला, आता सांगून काय उपयोग, बाई परत येणार आहे का? अंजलै त्याला म्हणाली, "तुला नाही विचारलं. तू नुसतं ऐक." माझ्या मागे दहा पावलांवर अण्णा चालत होते, चपला हातात घेऊन. का घेतल्या होत्या ते मी विचारलं नाही. पोरं गोळा झाली होती आणि कुणी हसत नव्हतं. मल्लिका त्या दिवशी शाळेत होती, हे एक बरं झालं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिच्यासमोरही बोलायला हवं होतं.

शेवटचं घर त्या बाईचं होतं जिनं सेल्वीला सर्वांत जास्त नावं ठेवली होती. ती अंगणात आट्टुकल्लावर, म्हणजे दगडी रगड्यावर, इडलीचं पीठ वाटत होती. मी सांगत असताना तिचा वरवंटा फिरत होता, मग मंद झाला, मग थांबला. माझं बोलून झालं. पिठाचे हात तिनं तसेच लुगड्याला पुसले, उठली, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या बाजूनं पुढे जाऊन अंजलैच्या हातात दिलं. अंजलै तिथेच तिच्या ओट्यावर बसली आणि पाणी प्यायली. तीन आठवड्यांत गावातल्या कुणाच्या दारात ती पहिल्यांदा बसली होती, हे मला नंतर कळलं.

तांब्या खाली ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, ओळखही नव्हती.

"झालं तुझं काम," ती म्हणाली. "आता जा. परत या गावात येऊ नकोस."

त्या गावात मी परत गेले नाही. पुढे त्या भागात मी पुष्कळ भिंती बांधल्या. त्या गावचा फाटा दर वेळी वाटेत लागतो. बस तिथे थांबते, माणसं उतरतात, आणि ती पुढे निघेपर्यंत मी खिडकीपाशी बसून असते.